अटलांटिकची चक्रीवादळं (भाग ४) : डोंगरापाशी बुडालेलं शहर

मागच्या आठवड्यात आपण १९०० सालच्या गॅल्व्हेस्टनपाशी थांबलो होतो. टेक्सासमधल्या त्या बेटावर एका रात्रीत आठ हजारांच्या आसपास माणसं गेली आणि उरलेल्यांनी समुद्राच्या अंगाला १७ फूट उंचीची काँक्रीटची भिंत घातली. तिचा पहिला टप्पा १९०४ मध्ये पुरा झाला. तिची खरी परीक्षा झाली १९०९ च्या जुलैत. २१ तारखेला एक चक्रीवादळ गॅल्व्हेस्टनच्या नैऋत्येला व्हेलास्को या गावावर चढून आलं. गावातली निम्मी घरं पडली, एकूण ४१ माणसं दगावली. भिंतीबाहेर समुद्रात उभारलेले गळाच्या मासेमारीचे धक्के लाटांनी नेले, पण भिंतीआडचं शहर वाचलं. नऊ वर्षांपूर्वीचा आकडा आठवला की या भिंतीचं मोल कळतं.

तरीही १९०९ च्या मोसमाकडे मी विजयाचा मोसम म्हणून पाहू शकत नाही. त्या वर्षी सर्वांत जास्त माणसं जिथे मेली, तिथून समुद्र दिसतसुद्धा नव्हता.

त्याकडे वळण्याआधी एका केळीवाहू जहाजाची गोष्ट. चक्रीवादळ जन्मतं समुद्रावर आणि वाढतंही समुद्रावरच. हवामान खात्याला बातमी कळायची ती मात्र बेटांवरच्या तारघरांतून. दोन बेटांमधल्या पाण्यात काय चाललंय हे तिथल्या जहाजालाच ठाऊक असे, आणि कप्तानाची नोंदवही बंदराला लागेपर्यंत वादळ किनारा गाठून मोकळं झालेलं असे. १९०५ च्या डिसेंबरात जहाजावरून बिनतारी यंत्रानं हवामानाची नोंद पहिल्यांदा किनाऱ्यावर गेली. प्रत्यक्ष चक्रीवादळाची खबर जहाजावरून बिनतारीनं पोचली ती १९०९ च्या २६ ऑगस्टला. मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्याजवळून ‘कार्तागो’ नावाच्या जहाजानं ती धाडली. हे युनायटेड फ्रूट कंपनीचं जहाज. केळी हा नाशवंत माल. घड कापून कधी तयार ठेवायचे, जहाज कोणत्या दिवशी लागणार, याचा मेळ बसला नाही तर सगळं धक्क्यावरच सडणार. म्हणून या कंपनीनं बिनतारी यंत्रणेत इतरांच्या आधी पैसा घातला होता. केळ्यांसाठी केलेल्या सोयीतून वादळांच्या इतिहासातला हा टप्पा आला.

‘कार्तागो’नं कळवलेलं वादळ दुसऱ्याच दिवशी, २७ ऑगस्टला, ईशान्य मेक्सिकोत तामाउलिपासच्या किनाऱ्यावर आलं. इथपर्यंत सारं नेहमीसारखं होतं. वादळ जमिनीवर आलं की त्याला गरम पाण्याचा पुरवठा तुटतो आणि वारा पडत जातो. पण समुद्रावरून उचललेली वाफ लगेच संपत नाही. ती घेऊन हे वादळ पश्चिमेला सरकत राहिलं आणि समोर आली सिएरा माद्रे ओरिएंताल ही डोंगररांग. ओल्या हवेला डोंगर आडवा आला की ती वर चढते, गार होते आणि पाणी ओतून टाकते. आपल्या घाटांवरचा पाऊस याच कारणानं पडतो. इथे मात्र मोसमभराचं पाणी थोड्याच काळात उतरलं.

याच डोंगरांच्या पायथ्याशी मॉन्तेर्रे शहर आहे, किनाऱ्यापासून अडीचशे किलोमीटरहून जास्त आत आणि समुद्रसपाटीपासून पाचशेहून अधिक मीटर उंचावर. १८९० मध्ये तिथे मोठा बिअरचा कारखाना निघाला, १९०० मध्ये पोलादाचा. कामाच्या शोधात आलेली माणसं सांता कातारिना नदीच्या दक्षिण काठावर सान लुइसितो या वस्तीत राहू लागली. त्यांतले पुष्कळजण सान लुइस पोतोसीकडचे, म्हणून वस्तीला ते नाव. ही नदी वर्षातला बहुतेक काळ कोरडी असते. वाळू, गोटे आणि मधून एखादा ओघळ, एवढंच तिचं रूप. वर डोंगरात ती अरुंद घळीतून येते, त्यामुळे तिथे पडलेलं पाणी थोड्याच वेळात शहरात येऊन धडकतं.

२७ ऑगस्टची रात्र २८ कडे झुकत असताना ते आलं. सान लुइसितोतली घरं उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची. या विटा कोरड्या हवेत पिढ्यान् पिढ्या टिकतात, पण पाण्यात उभ्या राहिल्या की पायापासून विरघळू लागतात. पुराच्या वेळी माणूस छपराचा आसरा घेतो. इथे छपराखालचं घरच पाण्यात मिसळत होतं. त्यात मध्यरात्रीचा काळोख. मृतांची संख्या चार हजारांहून अधिक धरली जाते. पुढच्या वर्षीच्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ऐंशी हजारांच्या आतच भरली. यावरून त्या रात्रीचा घाव किती खोल होता, याचा अंदाज करावा.

बिनतारी संदेशानं वादळ कुठे आहे ते सांगितलं होतं. डोंगरावर किती पाऊस पडेल आणि कोणती नदी कधी फुगेल, हे मात्र त्यातून कळण्यासारखं नव्हतं.

मोसम तिथे संपला नाही. २० सप्टेंबरला लुइझियानाच्या ग्रँड आइल भागात समुद्राचं पाणी आत घुसलं आणि ३७० वर माणसं बुडाली. ११ ऑक्टोबरला फ्लोरिडाच्या की वेस्टला तडाखा बसला. त्या बेटांवरून रेल्वे नेण्याचं काम चालू होतं. १९०६ मध्ये तिथले शंभरावर मजूर वादळात बुडाले होते. त्यानंतर त्यांना तरंगत्या निवाऱ्यांतून काढून जमिनीवरच्या बराकींत ठेवलं गेलं, आणि या खेपेला बळी फारच कमी गेले. नोव्हेंबरात पुन्हा डोंगर आणि पुन्हा पाऊस : जमैकाच्या ब्लू माउंटन्समध्ये काही दिवसांत दोन मीटरहून जास्त पाणी पडलं, आणि जमैका व हैती मिळून दोनशेच्या आसपास माणसं गेली.

चक्रीवादळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वारा येतो, उडालेले पत्रे येतात. १९०९ चा मोसम नीट पाहिला तर मारणारं होतं ते पाणी, कधी समुद्राचं, कधी आभाळाचं. पहिल्यासाठी भिंत घालता येते. दुसऱ्यासाठी नदीला तिची जागा सोडावी लागते, आणि मॉन्तेर्रेनं ती पुरती सोडली नाही. १९८८ च्या सप्टेंबरात ‘गिल्बर्ट’ वादळाच्या पुरात याच नदीनं प्रवाशांनी भरलेल्या बसगाड्या ओढून नेल्या. तेव्हा डोक्यावर उपग्रह होते, वादळाचा मार्ग आधीच कळलेला होता. पुढे वरच्या घळीत पुराचा जोर मोडण्यासाठी रोम्पेपिकोस धरण बांधलं गेलं. त्याचा २०१० मध्ये ‘ॲलेक्स’ वादळात उपयोगही झाला. पण त्या वर्षीपर्यंत सांता कातारिनाच्या कोरड्या पात्रात खेळाची मैदानं होती. ती सगळी वाहून गेली, आणि काठावरचे शहराचे दोन मुख्य रस्ते जागोजागी खचले.

पुढच्या आठवड्यात : १९२६ चं मायामी.