भाव तारेने, निरोप पायाने

१८७० साली मुंबई आणि लंडन समुद्राखालच्या तारेने जोडली गेली. लिव्हरपूलच्या बाजारातला कापसाचा भाव काही तासांत मुंबईच्या व्यापाऱ्याला कळू लागला. तोच कापूस पिकवणाऱ्या वणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला मात्र दहा कोसांवर दिलेली लेक सुखरूप बाळंत झाली की नाही, हे कळायला आठवडी बाजाराची वाट पाहावी लागे. वणी जिल्हा म्हणजे आजचा यवतमाळ. ते नाव १९०५ साली बदललं.

हा जिल्हा वऱ्हाडातला. त्या शतकातल्या वऱ्हाडाचा इतिहास आपण कापसाच्या गाठींच्या हिशेबात वाचतो. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला, १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली, पण यवतमाळकराला बंड्या भरून धामणगाव स्टेशनपर्यंत जावंच लागे. हे सगळं खरं आहे. तरी या हिशेबात शेतकऱ्याचं घर दिसत नाही, आणि नातं हेच तर त्या घराचं भांडवल होतं. मृग बरसला आणि घरात बियाणं नसलं तर साल्याकडे जायचं, बैल मेला तर व्याह्याकडे, ज्वारी संपली तर मामाकडे. नात्यातलं उसनं बिनव्याजी असे. तो दरवाजा बंद झाला की उरायचा तो सावकाराचाच.

हे दरवाजे उघडे ठेवायचं काम सणांचं होतं. नागपंचमीला, दिवाळीला भाऊ मुराळी होऊन बहिणीला आणायला जाई. दमणी जुंपायची, मुक्कामाची शिदोरी बांधायची आणि दिवसाला आठ-दहा कोस काटायचे. दिवाळीची मोठी अडचण अशी की कापसाची वेचणीही तेव्हाच सुरू होते. वेचणीआधीची सीतादहीची पूजा होऊन पऱ्हाटीत बायका उतरल्या की घरातला एकही हात मोकळा नसे. मागोमाग ज्वारीची सोंगणी, खळं, रात्रीची जागल. फुटलेल्या बोंडांवर अवकाळी पाऊस पडला तर कापूस काळा पडायचा, भाव उतरायचा, आणि त्या वर्षी मुराळी येतच नसे. बहीण उंबऱ्यात बसून वाट पाही. माहेरचं पीक बुडालं, हे तिला त्या न आलेल्या दमणीवरूनच कळायचं.

वाईट बातमी मात्र थांबत नसे. मर्तिकाचा निरोप घेऊन वेसकर महार गावोगाव चालत जाई, रात्र असो की पूर. ते त्याचं गावकीचं काम मानलं जाई. मोबदला बलुत्याचा, तोही सुगी चांगली झाली तर. ज्यांच्या पायांवर सगळ्या पंचक्रोशीची नाती उभी होती, त्यांनाच गावाने वेशीबाहेर ठेवलं. हा अन्याय सांगितल्याशिवाय त्या काळाच्या नात्यागोत्यांचं कौतुक करू नये.

१ जुलै १८७९ ला पाव आण्याचं, म्हणजे एका पैशाचं पोस्टकार्ड निघालं. पुढच्याच वर्षी टपालातून मनीऑर्डर सुरू झाली. पण लिहिणार कोण? पटवारी नाहीतर शाळामास्तर. वाचणाराही तिथला तसाच. चार लोकांसमोर मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या कार्डात सासुरवाशीण आपलं दुःख कसं घालणार? पैनगंगेपलीकडे तर निजामाचं राज्य, त्याचं टपालखातं वेगळं, तिकिटं वेगळी. उमरखेडची सोयरीक नदीपार असली की पावसाळ्यात संपर्क तुटल्यातच जमा.

मग आला १८९९ चा कोरडा पावसाळा. कपाशीने ज्वारीची जमीन खाल्ली होती, अनेक घरांतली पेवं रिकामी होती. पीक सगळीकडेच बुडालं, त्यामुळे मामाकडेही काही नव्हतं आणि व्याह्याकडेही. दुष्काळाचा खरा घाव इथे बसला. मदतीची सगळी घरं एकाच वेळी रिती झाली. माणसं खडी फोडायच्या कामावर गेली, मागून पटकी आली. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत वऱ्हाडची लोकसंख्या वाढायची सोडून सुमारे पाच टक्क्यांनी घटली.

धान्य मागूनही न मिळाल्याची एक कथा याच मुलखात आहे. राळेगाव तालुक्यातल्या रावेरीला सीतेचं मंदिर आहे. टाकून दिलेल्या सीतेने लेकरांसाठी गहू मागितला, गावाने दिला नाही, म्हणून तिने शाप दिला, अशी तिथली कथा. माहेर तुटलेल्या बाईचं काय होतं, हे या मुलखाला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच ही कथा इथे रुजली असं मला वाटतं.

सरकारी दप्तरात पेऱ्याचे आकडे आहेत, साऱ्याचे आहेत. बहिणीची वाट जात्यावरच्या ओव्यांतच सापडते, आणि त्या पाठ असलेल्या म्हाताऱ्या आता थोड्याच उरल्या आहेत. तुमच्या घरात एखादी असेल तर या दिवाळीत तिच्याजवळ बसा आणि ओव्या उतरवून घ्या. खाली तिचं नाव, माहेरचं गाव आणि सासरचं गाव लिहायला विसरू नका.