चालतें प्रेत आणि पिसाळलेला कुत्रा

मधल्या सुटींत आमच्या वर्गांतील कांहीं मुलें एका चित्रपटाविषयीं मोठ्या आवेशानें बोलत होतीं. विषाणूची सांथ येते, मेलेलीं माणसें उठून जिवंतांस चावत सुटतात, ज्यास चावा बसला तोही तसाच होतो, आणि महिनाभरांत राज्य, शहर, दवाखाना, सर्व लयास जातें, असें तें कथानक. “सर, असें खरोखर होईल का?” असें एकानें आम्हांस विचारलें. प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. त्याच्या पोटांत एक खरी गोष्ट दडलेली आहे, आणि ती घरोघरीं ठाऊक असली पाहिजे.

प्रथम शब्दाविषयीं. मराठींत झोंबी म्हणजे कुस्तींतील झटापट. तिचा व या ‘झॉम्बी’चा कांहीं संबंध नाहीं. हा शब्द हैती देशांतून जगभर पसरला. तेथें फ्रेंच मळेवाले आफ्रिकेंतून आणलेल्या गुलामांस उंसाच्या मळ्यांत मरेपर्यंत राबवीत. मांत्रिक मृतास उठवून त्याजकडून अखंड काम करून घेतो, अशी त्या देशांतील लोकसमजूत. मरणानेंही गुलामगिरी सुटूं नये, याचें तें भय होतें. तो झॉम्बी कोणास खात नसे. १७९१ सालीं ते गुलाम उठले व १८०४ सालीं स्वतंत्र झाले. माणसें खाणारें प्रेत ही १९६८ सालच्या एका अमेरिकन चित्रपटाची देणगी, आणि विषाणूची जोड त्याच्याही नंतरची. आम्हांस तर मूळची गोष्टच अधिक भयंकर वाटते.

प्रेत उठून चावत नाहीं, हें सांगावयास नको. (आम्हां ख्रिस्ती लोकांची पुनरुत्थानाची आशा ती अगदीं निराळी.) परंतु मेंदूचा ताबा घेऊन चाव्यावाटे पसरणारा विषाणु मात्र खरोखर आहे. त्याच्या रोगास अलर्क अथवा रेबीज म्हणतात.

पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ जखमेंत गेली म्हणजे तिच्यांतील विषाणु मज्जातंतूंत शिरतो व त्या वाटेनें हळूहळू मेंदूकडे चढूं लागतो. तो रक्तावाटे धांवत नाहीं, म्हणून बहुधा एक ते तीन महिने बाहेर कांहींच दिसत नाहीं. मूल जेवतें, खेळतें, शाळेंत येतें. मेंदू गांठल्यावर तो लाळेच्या ग्रंथींत उतरतो. कुत्रा आपपर विसरून चावत सुटतो. माणसास पाणी गिळतांना घशांत असे आचके येतात कीं पुढें पाण्याचा पेला पाहूनही तो भितो. या जलत्रासाचा उल्लेख सुश्रुतसंहितेंतही आहे. लाळ गिळवत नाहीं, ती तोंडांत सांचते, आणि तींतच विषाणु असतो. लक्षणें दिसूं लागल्यावर वांचलेलीं माणसें जगांत फारच थोडीं.

मग यानें जग कां बुडत नाहीं? कारण रोगी कांहीं दिवसांतच मरतो, आणि अवयवरोपणाचे क्वचित प्रसंग सोडले तर माणसापासून माणसास हा रोग जवळजवळ होतच नाहीं. याहून पुष्कळ वेगानें पसरणाऱ्या सांथीही जग बुडवूं शकल्या नाहींत. १३४७ ते १३५१ च्या प्लेगनें युरोपांतील निदान तिसरा हिस्सा माणसें नेलीं. तरी १३५२ सालीं केंब्रिज येथील नगरवासीयांच्या संघांनीं कॉर्पस ख्रिस्ती हें महाविद्यालय स्थापिलें. चित्रपटांत असें कोणी करतांना दिसत नाहीं.

अलर्कावरील उपाय त्याच्या मंद चालीनेंच सुचविला. ६ जुलै १८८५ रोजीं आलसास प्रांतांतील जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलास त्याच्या आईनें पॅरिस येथें पाश्चरकडे आणिलें. अंगावर चौदा चावे होते. पाश्चर रसायनशास्त्रज्ञ, वैद्यकीचा अधिकार त्यास नव्हता. म्हणून सुई एका डॉक्टरानें टोंचली. विषाणु मेंदूस पोंचण्यापूर्वीं लशीनें शरीर सिद्ध करावयाचें, एवढीच ती युक्ति. मुलगा वांचला, आणि मोठेपणीं पाश्चरच्याच संस्थेंत द्वारपाल म्हणून राहिला. आपल्या देशांत कसौली येथें १९०० सालीं अशी संस्था निघाली.

असें असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारें ५९,००० माणसें या रोगानें मरतात; त्यांतील तिसऱ्या हिश्शाहून अधिक भारतांत, आणि त्यांत मुलें पुष्कळ. मुलें चावा लपवितात. बाबा रागावतील ही एक भीति, पोटांतील चौदा सुयांची दुसरी. ती जुनी लस भारतांत २००४ नंतर बंद झाली. आतां दंडावर चार-पांच वेळां टोंचतात. पालकांनीं जखमेवर तिखट, चुना, हळद कांहीं लावूं नये. वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें ती धुवावी व त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. रक्त आलें असेल तर लशीबरोबर जखमेंत प्रतिद्रव्याचें इंजेक्शनही लागतें. मांजराचा व माकडाचा चावा, ओरखडाही, हलका मानूं नये. दिवस उलटले असले तरी लस घ्यावीच.

हें वर्गांत सांगून झाल्यावर मागच्या बांकावरील एका मुलानें हळूच विजारीची कड वर केली. पोटरीवर चार दिवसांपूर्वींची खूण होती. त्यास घेऊन आम्ही सरळ दवाखान्यांत गेलों. वडिलांस निरोप मागाहून पाठविला.