जुन्या ट्रकला नवे मीटर बसवताना

हिवरे बाजार हे गाव दरवर्षी पावसाची आणि विहिरींच्या पातळीची नोंद पाहून पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि मगच पिकं ठरवतं. ट्रकच्या डॅशबोर्डवरचे काटेही चालकाला असाच हिशेब देतात. 1986 मध्ये आलेल्या टाटा 407 सारख्या जुन्या गाडीत ते बंद पडले, तर नवा संच जुळवता येतो.

आधी गाडी 12 व्होल्टची की 24 व्होल्टची, हे तपासा. मग सेन्सर पाहा. इंजिन तापलं की तापमानाच्या सेन्सरचा विद्युतरोध कमी होतो. डिझेलच्या टाकीत फ्लोट वरखाली होतो, तसा रोध बदलतो. मीटर आणि सेन्सर एकाच रोधमर्यादेचे नसतील, तर काटा खोटं सांगतो. म्हणून शक्यतो दोन्ही जोडीनेच घ्यावेत. अर्थिंग पक्कं हवं. तापमानाचा सेन्सर गरम पाण्यात, थर्मामीटरशेजारी धरून पडताळता येतो.

डिझेल इंजिनाला इग्निशन कॉइल नसते. त्यामुळे आरपीएम मीटरला संकेत बहुधा अल्टरनेटरच्या 'डब्ल्यू' टर्मिनलवरून घेतात. चार्जिंगच्या दिव्याजागी नुसता एलईडी लावू नये. अनेक जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा प्रवाह त्या दिव्यातूनच मिळतो; एलईडीला समांतर रेझिस्टर जोडावा लागतो.

गाडीला एअर ब्रेक असतील, तर त्यांच्या दाबाचा मीटर मात्र सर्वांत ठळक जागी, चालकाच्या नजरेसमोर ठेवा. जुना स्पीडोमीटर काढण्यापूर्वी किलोमीटरचा आकडा फोटोसह नोंदवा. गाडी विकताना घेणाऱ्याला तो दाखवा.