खुणेचं पाणी

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत बोअर मारायची गाडी लागली की राखाडी भुकटीचे लोट उठतात. खाली दख्खनचा काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक साचलेले थर. थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यांत आणि भेगांत पाणी लागलं की काम फत्ते. अणुकचऱ्यासाठी जागा शोधणारे मात्र पाणी लागू नये म्हणून बोअर मारतात.

महाराष्ट्रात तारापूरला अतितीव्र किरणोत्सारी कचरा काचेत गोठवून पोलादी डब्यांत बंद करतात. डबे अजून गरमच असतात. त्यांच्या कोठाराला पंखे लागत नाहीत. तापलेली हवा धुराड्यातून आपसूक वर चढते आणि तिच्या ओढीनं थंड हवा आत येते. पण हा वाटेतला मुक्काम. शेवटची जागा जमिनीत खूप खोल असायला हवी, आणि भारतात ती अजून झालेली नाही.

तिथवर पावसाचं पाणी किती वर्षांत पोचेल? सगळा भरवसा या एका प्रश्नावर. उत्तरासाठी खडक खोदावा लागतो, आणि खोदताना आपणच त्यात पाणी ओततो! मग भेगेतला ओलावा हजारो वर्षांचा की कालचा, हे कळणार कसं?

अमेरिकेत नेवाडातल्या यक्का डोंगरात 1990 च्या दशकात अणुकचरा पुरण्याच्या जागेच्या पाहणीसाठी सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा खणला. कामाच्या पाण्यात लिथियम ब्रोमाइड मिसळलं. नमुन्यात ब्रोमाइड वाढलेलं दिसलं, तर ते पाणी खोदणाऱ्यांचं. मला या साध्या युक्तीचं अपार कौतुक वाटतं. पुढे बोगद्याच्या खोलीवर क्लोरिन-36 सापडल्याचं एका अभ्यासानं सांगितलं. 1950 च्या दशकातल्या पॅसिफिकमधल्या अणुचाचण्यांनी हवेत उधळलेलं द्रव्य अर्ध्या शतकात डोंगराच्या पोटात! नंतरच्या तपासणीत ते तसं आढळलं नाही, आणि वाद रंगला. पण वाद घालण्याजोगा पुरावा हाती होता, तो पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवल्यामुळे.

देखरेख जमिनीच्या वरही होती. तिथलं वाळवंटी कासव 1990 मध्ये संकटग्रस्त ठरलं होतं. बुलडोझर यायच्या आधी जीवशास्त्रज्ञ बिळं तपासत, कासवांना बाजूला नेत. काहींच्या पाठीवर रेडिओयंत्र बसवून त्यांच्या वाटा नोंदवत. कचऱ्याचा कणही आलेला नसताना एवढी काळजी, आणि ती योग्यच. खडक, पाणी, प्राणी मुळात कसे होते याची नोंद पहिल्या खोदकामाआधीच करता येते. पुढच्या प्रत्येक मोजमापाची तुलना तिच्याशीच होणार असते.

आपल्याकडेही कचऱ्याआधी अशी मोजणी झाली: 1980 च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे हजार मीटर खोल, खडकात विजेचे हीटर बसवले होते. कचरा न आणता त्याची नुसती ऊब खडकाला दिली, आणि खडक किती तापतो, कुठे ताणला जातो, हे आठ वर्षं मोजलं.