पर्यावरणानुकूल अभिकल्प, ऊर्जावापरी उत्पादनांचा

ऊर्जेवर चालणारी उपकरणे बाजारात येण्यापूर्वीच, त्यांच्या अभिकल्पाच्या टप्प्यावर, ऊर्जेचा खप व पर्यावरणावरील अन्य परिणाम यांवर मर्यादा घालणारी कायदेशीर व्यवस्था. यूरोपीय संघात तिचा आरंभ २००५ च्या निदेशाने झाला. २००९ च्या निदेशाने खिडक्यांसारखी, स्वतः ऊर्जा न वापरणारी परंतु तिच्या खपावर परिणाम करणारी उत्पादनेही तिच्या कक्षेत आणली. जुलै २०२४ मध्ये अंमलात आलेल्या विनियमाने ही कक्षा बहुतेक सर्व भौतिक वस्तूंपर्यंत वाढविली.

प्रत्यक्ष मर्यादा प्रत्येक उत्पादनगटाच्या स्वतंत्र विनियमात असतात. उदा., बंद दिसणाऱ्या पण विद्युत् पुरवठ्याला जोडलेल्या घरगुती उपकरणाने २०१० पासून १ वॉट व २०१३ पासून ०·५ वॉटपेक्षा अधिक शक्ती घेऊ नये, असे ठरले (माहितीदर्शक पडदा असल्यास याच्या दुप्पट). व्हॅक्यूम क्लीनरच्या शक्तीवर २०१४ मध्ये १,६०० व २०१७ मध्ये ९०० वॉट ही मर्यादा आली. तापदीप्त दिवे २००९ ते २०१२ या काळात टप्प्याटप्प्याने हटविण्यात आले. तथापि धक्के सोसणारे, औद्योगिक उपयोगाचे दिवे वगळलेले असल्याने त्या नावाखाली सामान्य दिवेच घरोघर विकले गेले. ही पळवाट बुजविण्यासाठी २०१५ मध्ये नियमांत दुरुस्ती करावी लागली.

अंमलबजावणी हा या व्यवस्थेचा दुबळा भाग होय. उत्पादक स्वतःच अनुरूपतेची घोषणा करून वस्तूवर ‘सीई’ चिन्ह लावतो. बहुतेक उत्पादनांची विक्रीपूर्व शासकीय तपासणी होत नाही. बाजारावर देखरेख ठेवण्याचे काम सदस्य राष्ट्रांचे असते. सामान्यतः प्रथम एक नग तपासतात. तो अनुत्तीर्ण झाल्यास आणखी तीन नग घेऊन त्यांची सरासरी पाहतात. मोजमापातील अनिश्चिततेसाठी तपासनिसाला दिलेली सूट काही उत्पादक आपलीच समजून आकडे फुगवीत. २०१६ च्या दुरुस्तीने हे स्पष्टपणे निषिद्ध केले. मोठ्या यंत्रांची चाचणी इतकी खर्चिक असते, की अनेकदा केवळ कागदपत्रांवरच समाधान मानले जाते. यूरोपीय लेखापरीक्षकांच्या २०२० च्या अहवालात नियमबाह्य उत्पादनांचे प्रमाण १० ते २५ टक्के असावे, असा अंदाज उद्धृत केला आहे.

चाचणीची पद्धत सदोष असेल, तर कडक देखरेखही निरुपयोगी ठरते. व्हॅक्यूम क्लीनरची ऊर्जापट्टी रिकाम्या धूळपात्राने केलेल्या चाचणीवर आधारलेली होती. घरातील वापरात पात्र भरत जाते व यंत्राची कार्यक्षमता बदलू शकते. या कारणास्तव यूरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०१८ रोजी त्या पट्टीचा विनियम रद्द केला. शक्तीची ९०० वॉटची मर्यादा मात्र वेगळ्या विनियमात असल्याने कायम राहिली.