शिकणारा मुलगा व प्राप्तिकराचें विवरणपत्र

लांजा तालुक्यांतील आंबा-काजूच्या उत्पन्नावर चालणाऱ्या पुष्कळ घरांतील मुलें आज रत्नागिरी, कोल्हापूर, मुंबई येथें शिकत आहेत. कोणी फावल्या वेळीं शिकवण्या करितो, कोणी एखाद्या कंपनींत मानधनावर राबतो. अशा वेळीं वडील म्हणतात, “पोर अजून आमच्या जिवावर शिकतें, त्यास कसला आला आहे कर?” ही समजूत अर्धीच खरी असून तिच्या पायीं कष्टाचा पैसा सरकारांत पडून राहतो.

अमेरिकेंत शिकणाऱ्या मुलास बाप आपल्या पत्रकांत ‘अवलंबित’ म्हणून दाखवूं शकतो. आपल्याकडे तशी रीत नाहीं. अठरा वर्षें पुरीं होतांच मुलगा स्वतंत्र करदाता होतो. तत्पूर्वीं त्याच्या ठेवींचें व्याज, आईबापांपैकीं ज्याचें उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नांत मिळवितात. मात्र अंगमेहनतीची अगर कौशल्याची कमाई त्या मुलाचीच धरतात.

आतां मोजावें काय? वडिलांनीं धाडलेला खर्च मोजावयाचा नाहीं. शिक्षणाची शिष्यवृत्ति करमुक्त आहे. शेतीचें उत्पन्न तर १८८६ च्या कायद्यापासून वगळलेलें आहे; इतर उत्पन्न मर्यादेपलीकडे गेलें, तरच ५,००० रुपयांवरील शेती-उत्पन्न कराचा दर ठरविण्यापुरतें विचारांत घेतात. उरलें वेतन, मानधन, शिकवणी व व्याज. २०२५-२६ ह्या आर्थिक वर्षासाठीं ह्यांची बेरीज नव्या पद्धतींत ४ लाख, जुन्या पद्धतींत २॥ लाख रुपयांपुढें गेल्यास विवरणपत्र भरणें भाग आहे. नव्या पद्धतींत १२ लाखांपर्यंत सुटीमुळें कर शून्य होतो. पण कर नाहीं म्हणून पत्रक टळत नाहीं. परदेशप्रवासावर २ लाखांहून अधिक खर्च केला, किंवा वर्षांत २५,००० रुपये वा अधिक कर कापला गेला, तर उत्पन्न कमी असूनहि तें भरावें लागतें.

परंतु बहुतेकांची गोष्ट ह्याहून लहान असते. समजा, मुलास ६०,००० रुपये मानधन ठरलें व देणाऱ्यानें दहा टक्के, म्हणजे ६,००० रुपये, कर कापून घेतला. दुसरें उत्पन्न नसेल तर त्यास विवरणपत्राची सक्ति नाहीं, आणि कर तर मुळींच लागत नाहीं. तरीहि ते ६,००० रुपये आपण होऊन घरीं चालत येत नाहींत. मुदतींत विवरणपत्र भरून ते मागावे लागतात.

म्हणून शेतकरी बंधूंनीं वर्षअखेर मुलाच्या पॅन क्रमांकावर किती कर जमा झाला आहे, तें प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर त्याच्याकडूनच पाहून घ्यावें. बागेचा हिशेब आपण पैपैचा ठेवितों. मुलाच्या पहिल्या कमाईचाहि तसाच ठेवावा.