आधी आकडा लिहा, मग प्रोब टेकवा

बंद पडलेला अ‍ॅम्प्लिफायर उघडला की हात आधी सोल्डरिंग आयर्नकडे जातो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत साधा ट्रान्झिस्टर काही रुपयांत मिळतो; मग एक काढून दुसरा लावून बघायला काय जातं? बोर्ड जातो. तीच जागा दोन-तीनदा तापवली की तांब्याची पट्टी सुटून येते आणि एका बिघाडाचे दोन होतात. शिवाय सेट चालू झाला तरी तो का बिघडला होता, हे कळत नाहीच. व्होल्टेज मात्र काहीही न काढता, सर्किट चालू असताना मोजता येतं.

पण नुसतं मोजून भागत नाही. मीटरवर ६.५ दिसले, ते बरोबर की चूक? तिथे किती असायला हवेत हे ठाऊक नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. म्हणून माझा आग्रह असतो, प्रोब टेकवण्याआधी अपेक्षित आकडा कागदावर लिहा. मनातला आकडा रीडिंग पाहून सरकतो, कागदावरचा सरकत नाही.

सुरुवात नेहमी पॉवर सप्लायपासून. काळा प्रोब ग्राउंडला, शक्यतो फिल्टर कपॅसिटरच्या ऋण टोकाला. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज, कपॅसिटर आणि पुढे ७८०५ रेग्युलेटर ही जोडणी असंख्य उपकरणांत सापडते. १२ व्होल्ट एसीचं शिखर १७ च्या आसपास, त्यातले साधारण दीड व्होल्ट डायोड खातात. म्हणजे कपॅसिटरवर साडेपंधराच्या आसपास डीसी हवेत, लोड असताना थोडे कमी. तिथे १० च भरले तर कपॅसिटर वाळलाय किंवा एखादा डायोड उघडा पडलाय. ७८०५ ला काम करायला किमान ७ व्होल्ट लागतात. ते मिळत असूनही बाहेर ५ ऐवजी २ येत असतील आणि रेग्युलेटर चटका देत असेल, तर शॉर्ट पुढे कुठेतरी आहे. उलट ५ च्या बरेच वर गेले असतील तर त्याच्या मधल्या, ग्राउंडच्या पायाचा टाका आधी पाहा.

खरी गंमत ट्रान्झिस्टरच्या तीन पायांवर आहे. १२ व्होल्टवर चालणारी एक साधी अ‍ॅम्प्लिफायर स्टेज घ्या. बेसला वरून ४७ किलोओहम, खालून १० किलोओहम, कलेक्टरला ३.९ किलोओहम, एमिटरला १ किलोओहम. बेसवर साधारण २.१ व्होल्ट. सिलिकॉनचा बेस-एमिटर जोड ०.७ घेतो, म्हणून एमिटरवर १.४. एमिटरला १ किलोओहम आहे, म्हणजे प्रवाह १.४ मिलिअँपियर. तोच प्रवाह कलेक्टरच्या रेझिस्टरवर साडेपाच व्होल्ट पाडतो, उरतात साडेसहा. सगळं गणित शाळेतल्या ओहमच्या नियमाचं आहे.

आता समजा, कलेक्टरवर पूर्ण १२ दिसतात. म्हणजे कलेक्टरच्या रेझिस्टरमधून प्रवाह वाहत नाही. रेझिस्टर स्वतः तुटलेला नाही. तो तुटला असता तर १२ व्होल्ट खाली पोचलेच नसते. बेस पाहा. तिथे शून्य असेल तर संशयित ४७ किलोओहम. बेसवर २.१ आणि एमिटरवर शून्य असेल तर ट्रान्झिस्टर आतून तुटलाय, कारण शाबूत जोडावर दोन व्होल्टांचं अंतर राहूच शकत नाही. कलेक्टर आणि एमिटर दोन्हींवर अडीचच्या जवळ एकच आकडा आला, तर ट्रान्झिस्टर आरपार शॉर्ट आहे आणि १२ व्होल्ट दोन रेझिस्टरांत वाटले जातायत.

सगळ्यात फसवा प्रकार कलेक्टरचा रेझिस्टर उघडा पडण्याचा. तेव्हा एमिटरचा प्रवाह बेसमधूनच यावा लागतो, त्यामुळे बेसही ०.८ पर्यंत खाली ओढला जातो. ते पाहून अनेक जण बेसचे रेझिस्टर काढत बसतात. तिन्ही पायांचे आकडे एकत्र वाचले तर ही चूक होत नाही.

मीटरही सर्किटचा भाग होतो, हे विसरू नये. अ‍ॅव्होमीटर मॉडेल ८ सारखा जुना काट्याचा मीटर व्होल्टला २०,००० ओहमचा; १० व्होल्टच्या रेंजवर तो सर्किटला २ लाख ओहमचा रेझिस्टर जोडतो. आजचे डिजिटल मीटर बहुधा १ कोटी ओहमचे. म्हणून जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमधले काही आकडे डिजिटल मीटरवर थोडे जास्त दिसतात. तो बिघाड नव्हे.

एसएमपीएसच्या प्राथमिक बाजूला मात्र नवशिक्यांनी हात घालू नये. २३० व्होल्ट एसीचे तिथे ३२५ च्या आसपास डीसी होतात, प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतो. दुसरा धोका मीटरच्या लीडचा. लाल लीड मीटरच्या १० अँपियरच्या भोकात राहिली आणि व्होल्टेज मोजायला गेलात, तर तुम्ही थेट शॉर्ट केलंत. प्रत्येक मोजणीआधी लीड कुठे आहे ते बघाच.

आणि एक विनंती. घरातला अ‍ॅम्प्लिफायर आज उत्तम चालतोय, तेव्हाच त्याच्या कमी व्होल्टेजच्या बाजूची रीडिंग्ज घ्या, कागदावर लिहा आणि झाकणाच्या आतून चिकटवा. तो उद्या बंद पडला, तर अपेक्षित आकडे हुडकत बसावं लागणार नाही.